चुरींची त्रेचाळीस माणसं

गेल्या वर्षी एका सकाळी आमचे शेजारी चुरी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे राहिले.

"घ्या सर, तोंड गोड करा. मोरेश्वर पागधरेला दुसरी मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी खुशाल."

डहाणूत पागधरे पुष्कळ. त्यातला एखादा मोरेश्वर चुरींच्या ओळखीचा असणार, असं धरून मी पेढा तोंडात टाकला आणि आपलं विचारायचं म्हणून विचारलं, "असतो कुठे हा मोरेश्वर?"

"पॅकिंग खात्यात."

"कुठल्या कंपनीच्या?"

"तसा तो कुठेच नसतो," चुरी शांतपणे म्हणाले. "पाठ क्रमांक नऊमध्ये आहे. बापाला मिळणाऱ्या रजेचं उदाहरण हवं होतं ना."

म्हणजे जो माणूसच नाही, त्याला झालेल्या मुलीचा पेढा मी सकाळी सकाळी खाऊन बसलो होतो. पेढा मात्र खरा होता, म्हणून मी दुसराही घेतला.

चुरी म्हणजे अरविंद चुरी. वय सत्तावन्न वर्षं आणि आठ महिने, म्हणजे त्यांच्या हिशेबाने अठ्ठावन्न. "सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष धरायचं. ग्रॅच्युइटीचा नियम आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हा नियम ते ग्रॅच्युइटीपुरता ठेवत नाहीत. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं सात महिने झाले त्या दिवशी ते चांदीचा करंडा घेऊन आले आणि सुलभाला म्हणाले, "वहिनी, रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा." सुलभा हरखून गेली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "परक्या माणसाला कळतं, बघा." मी पाच महिने शिल्लक आहेत असं सांगायला गेलो, तर दोघांनीही माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी दुसऱ्याच दिवशी साडी आणली. पाच महिन्यांनी खरा दिवस आला तेव्हा दुसरी आणावी लागली, हे चुरींना अजून माहीत नाही.

आता त्यांचा धंदा सांगतो, कारण तो पटकन कुणाला कळत नाही. कारखान्यांत, कंपन्यांत पगार काढणारी माणसं असतात. कुणाची रजा किती, कुणाचा फंड किती कापायचा, सोडून जाणाऱ्याला काय द्यायचं, हे सगळं बघणारी. त्या माणसांना शिकवण्याचे पाठ चुरी लिहितात. आधी त्यांनी स्वतः तलासरीकडच्या एका कारखान्यात बावीस वर्षं हेच काम केलं. कारखाना बंद पडला. मग पुण्याच्या एका शिकवणी कंपनीने त्यांना पाठ लिहायला नोकरीवर घेतलं, आणि तेव्हापासून ते आमच्या भिंतीपलीकडे बसून महाराष्ट्रभरच्या पगार-कारकुनांना घडवत असतात.

तळमजल्यावरच्या हंसाबेनना हे काम अजून पटलेलं नाही. "पगार तो बँकमां आवे," त्या म्हणतात, "एमां भणवानुं शुं?" म्हणजे त्यात शिकायचं काय.

"न आवे त्यारे खबर पडे, बेन," चुरी तितक्याच गोडीने सांगतात.

बाकीचे पाठ लिहिणारे उदाहरणात 'कर्मचारी अ' आणि 'कर्मचारी ब' लिहितात. चुरींना ते चालत नाही. त्यांनी एक अख्खा कारखानाच उभा केलाय, 'दर्याकिनारा प्लास्टिक' नावाचा, आणि त्यात त्रेचाळीस माणसं कामाला ठेवली आहेत. एका लांबरुंद रजिस्टरमध्ये प्रत्येकाला दोन पानं. जन्मतारीख, घरी कोण, मुलं कितवीत, कुठून येतो, जेवणाचा डबा कोण करतं. यातलं बरंचसं पाठात कधी येतच नाही.

मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, इंदुमती राऊत तीन दिवस बिनपगारी रजेवर, एवढं पुरे की. तिची सासू वापीच्या दवाखान्यात आहे, हे कशाला?"

"सर, नुसतं 'तीन दिवस गैरहजर' लिहिलं की शिकणारी पोरं खटकन पगार कापून मोकळी होतात. सासू दवाखान्यात म्हटलं की आधी शिल्लक रजा आहे का बघतात. मी दोन्ही लिहून बघितलंय."

सव्वीस वर्षं तलासरीच्या शाळेत मराठी शिकवतोय, पण सासू आजारी पाडून धडा शिकवावा हे मला सुचलं नव्हतं.

या प्रकरणात मी कसा सापडलो तेही सांगायला हवं. माझा आवाज चांगला आहे. हे मी नाही म्हणत, तालुका म्हणतो. पंधरा ऑगस्ट असो की क्रीडास्पर्धा, माईक माझ्याच हातात देतात. पुण्याच्या कंपनीला पाठ ऐकवायलाही हवे होते, आणि चुरींनी माझा आवाज भिंतीतून बरीच वर्षं ऐकलेला. आमचं घरगुती भांडणसुद्धा शब्द अन् शब्द कळतं, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं. तेव्हापासून दर आठवड्याला दुपारी पाण्याचा पंप बंद असतो त्या वेळात मी त्यांच्या आतल्या खोलीत बसतो. खिडकीवर गोधडी टांगलेली असते, पंखा बंद असतो, आणि मी घाम पुसत भविष्यनिर्वाह निधी वाचत असतो.

वाचतानाही त्यांचं लक्ष असतं. "सर, देसाई मॅनेजरचं वाक्य जरा जोरात. पण फार नको. तो वरून कडक आहे."

सगळं सुरळीत चाललं होतं. मग शेवटचा पाठ आला.

शेवटचा पाठ होता 'सेवेत असताना मृत्यू'. कामावर असलेला माणूस गेला तर त्याच्या घरच्यांना काय काय, कसं आणि किती दिवसांत द्यायचं. पाठ महत्त्वाचा, आणि त्याला उदाहरण हवं. म्हणजे त्रेचाळिसांतला एक जण जायला हवा. चुरी चार महिने तो पाठ पुढे ढकलत राहिले. पुण्याहून अनुजा मॅडम फोन करायच्या. वयाने त्यांच्या निम्म्या, बोलायला अत्यंत नम्र, आणि सोडायला अजिबात तयार नाहीत. शेवटी त्यांनी स्पष्ट सांगितलं की महिनाअखेरपर्यंत पाठ आला नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल. आणि तो दुसरा सगळेच पाठ नव्याने करील. कर्मचारी अ, कर्मचारी ब. वरच्यांनाही तेच सुटसुटीत वाटतंय.

"त्रेचाळीस माणसं एका फटक्यात घरी, सर," चुरी मला म्हणाले. स्वतःच्या नोकरीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

त्याच आठवड्यात रिक्षाचा प्रकार झाला. मी तलासरीहून येऊन स्टेशनजवळ शेअर रिक्षात बसलो, तर आत चुरी आधीच बसलेले. आमच्या मध्ये धाकट्या डहाणूच्या जानकीबाई, रिकामी पाटी मांडीवर घेऊन. आमच्या इमारतीत मासे त्याच देतात. रिक्षा सुटली आणि चुरींचा फोन वाजला. फोनवर बोलताना ते पुण्याला थेट ऐकू जाईल इतकं मोठ्याने बोलतात.

"हो मॅडम, मारतो म्हटलं ना, महिनाअखेरपर्यंत नक्की मारतो! पण मारू कुणाला? मोरेश्वरला मारला तर दोन मुली उघड्यावर पडतील, धाकटी अजून रांगतेय... पांडुरंगला मारता येईल, पण त्याला याच महिन्यात बढती दिलीय... नाही नाही, इंदुमतीला हात लावायचा नाही!"

रिक्षा हळू झाली, मग थांबलीच. रिक्षावाला मागे न बघता म्हणाला, "काका, तुम्ही इथेच उतरा. पैसे नको. मला पोरंबाळं आहेत."

मी घाईघाईने समजावू लागलो, की ही माणसं खरी नाहीत, कागदावरची आहेत, यांचा धंदाच तो आहे. 'धंदाच तो' म्हटल्यावर रिक्षावाला स्वतःच उतरायला निघाला. जानकीबाई मात्र हलल्यासुद्धा नाहीत. त्यांनी चुरींकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "मारायचाच हाय त बायको-पोरां नसलेला बघ ना बाबा. मागं रडनारा नको कोन."

सल्ला व्यवहारी होता. मी हसलो. चुरी हसले नाहीत. उरलेला रस्ता आम्ही चालत आलो.

संध्याकाळी मी आणि सुलभा त्यांच्याकडे गेलो. माझा संयम संपला होता. "चुरी, रजिस्टर काढा. आज आपण तिघं मिळून कुणाला तरी मारू आणि मोकळे होऊ."

रजिस्टर उघडलं. सुलभाने पहिल्याच फटक्यात सांगितलं, "त्या देसाई मॅनेजरला मारा. मेला कुणाला रजा देत नाही."

"देसाईला साखर आहे, वहिनी. घरी अजून सांगितलेलं नाही त्याने."

"अगं बाई," सुलभा म्हणाली, आणि देसाई वाचला.

मी वॉचमन सुचवला. वॉचमनच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते आणि त्याला नातवासोबत घोलवडला चिकूची चार झाडं लावायची होती. मी कॅन्टीनवाला सुचवला. तो गेला तर बेचाळीस जणांनी जेवायचं कुठे? अर्ध्या तासात मी नऊ जणांना मारून बघितलं आणि सुलभाने नऊही जणांना वाचवलं. शेवटी ती डोळे पुसत म्हणाली, "नका हो मारू कुणाला," आणि चहा टाकायला आत गेली. माणसांचं काय सांगावं!

मी रजिस्टर मिटलं. "चुरी, ही गोष्ट उदाहरणाची नाही. खरं काय आहे?"

ते बराच वेळ चष्म्याची काडी उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, "सर, एक मेलेलं उदाहरण माझ्याकडे आहे. खरं आहे. म्हणून खोटं लिहवत नाही."

मग त्यांनी सांगितलं. कारखान्यात असताना एका दिवशी चौदा नवे कामगार एकदम रुजू झाले. पगाराची तारीख डोक्यावर होती. प्रत्येकाचे पाच फॉर्म भरायचे, त्यातला एक नॉमिनीचा. आपल्यामागे पैसे कुणाला द्यायचे, त्याचं नाव लिहायचा. रघुनाथ धोडी नावाचा एक पोरगेला माणूस टेबलासमोर उभा होता. तो काहीतरी सांगायला लागला, तर चुरी म्हणाले, "ते नंतर बघू, आधी सही कर." रकाना रिकामा राहिला. नंतर ते विसरले. दोन वर्षांनी रघुनाथ तापाने गेला.

"त्याची बायको यायची. कडेवर मुलगी. महिन्याला एकदा, अकरा महिने. फॉर्मवर नाव असतं तर पंधरा दिवसांत काम झालं असतं. नाव नव्हतं म्हणून हा दाखला आण, तो दाखला आण. आणि हे तिला सांगणारा मीच, सर. दर वेळी मीच. रकाना भरायला दोन मिनिटं लागतात. शेवटी पैसे मिळाले. तिने सही केली आणि मान खाली घालून निघून गेली. माझ्याकडे बघितलं नाही."

चहा आला होता. कुणी घेत नव्हतं.

"मग तेच लिहा की," मी म्हणालो.

"तिला न विचारता कसं लिहू? तिचं आहे ते."

"नाव काय तिचं?"

"लक्ष्मी धोडी. पाडा तलासरीच्या पुढे आहे, एवढं माहीत आहे."

मला हसावं की रडावं कळेना. लक्ष्मी धोडीची मुलगी सविता दहावीपर्यंत माझ्या वर्गात होती. तिचं घर शाळेपासून वीस मिनिटांवर आहे. ज्या बाईच्या भीतीने हा माणूस इतकी वर्षं आत आत झिजत होता, तिच्याशी मी दर पालकसभेला गप्पा मारत होतो.

रविवारी आम्ही माझ्या स्कूटरवरून निघालो. चुरींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि मांडीवर फाइल धरली होती. तलासरी मागे पडली, रस्ता आत वळला, भातकापणी झालेली खाचरं लागली, आणि मागून आवाज आला, "सर, जरा थांबवा."

मी थांबवली.

"पुढच्या रविवारी यावं म्हणतो. आज त्या कामात असतील. नंतर सवडीने..."

मी शिक्षक आहे. कुठल्या पोराला कधी ओरडावं ते मला कळतं. "पुन्हा नंतर?" मी म्हणालो, आणि एवढंच म्हणालो. चुरी गुपचूप परत मागे बसले.

लक्ष्मीबाई खळ्यात सुपाने भात पाखडत होत्या. मला बघून हसल्या, आणि मग माझ्यामागे बघून सूप खाली ठेवलं. "तू तो हापिसातला," त्या म्हणाल्या. त्या सगळ्यांनाच तू म्हणतात. मलाही आणि शाळेत आलेल्या साहेबांनाही.

चुरी फाइल छातीशी धरून उभे राहिले. वर्गात पाठांतर म्हणायला उभं केल्यासारखं त्यांनी सगळं एका दमात सांगितलं. फॉर्म, रकाना, नंतर बघू म्हटलं ते, चूक माझी होती, आता पाठ लिहायचाय, परवानगी आहे का. सांगून झाल्यावर त्यांना घाम फुटला होता.

लक्ष्मीबाईंनी आधी आम्हाला पाणी दिलं. मग म्हणाल्या, "बाकीचे उभा ठेवायचे मला. तू खुर्ची द्यायचास. मला ठावं हाय. पोरगी रडली त बिस्कूट पन आनलं होतंस." चुरींच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "पन कागूद नाय दिलास. खुर्ची काय करू मी?"

चुरींनी मान खाली घातली. मीही घातली, माझा काही संबंध नसताना.

लक्ष्मीबाई स्वतःच पुढे बोलायला लागल्या. सविता गेल्या वर्षी वापीला एका दवाखान्यात नर्स म्हणून लागली. पहिल्या दिवशी लक्ष्मीबाई तिच्याबरोबर गेल्या आणि ऑफिसच्या दारात फतकल मारून बसल्या. तिथल्या मुलीने सांगितलं, मावशी, तुमचं काय काम? तर म्हणाल्या, नाव लिहायचा कागूद भरल्याबिगर मी जायाची नाय. भरून झाला तेव्हा सविताकडून दोनदा वाचून घेतला.

"ती पोरगी हसत होती मला," लक्ष्मीबाई सांगत होत्या. "हस म्हटलं बाय, हस, पन भर."

मग चुरींच्या हातातल्या फाइलकडे बघत म्हणाल्या, "तो मेला ते नको लिहू. ते लिहून काय होल? मेल्यावर समदेच धावतात. तो कामाला लागला तो दिस लिही. नवा शर्ट घालून गेलता. त्याला इचार, घरी कोन हाय तुझ्या. आमची नावां सांगाया लय आवडायचा त्याला, कोनी इचारलं की सांगत बसायचा. त्या दिशी बी तेच सांगत व्हता तुला."

चुरींनी फाइल उघडली, पेन काढलं आणि विचारलं, "नाव बदलू ना त्याचं?"

"बदल," लक्ष्मीबाई म्हणाल्या, आणि सूप उचललं. "पन शर्ट नवाच ठेव."

परत आल्यावर चुरी घरात गेले ते दोन दिवस बाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाठ पुण्याला गेला. त्याचं नाव होतं 'रुजू होण्याचा दिवस'. अनुजा मॅडमचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो.

"सर, मी मृत्यूचा पाठ मागितला होता."

"त्यातच आहे मॅडम, शेवटच्या दोन पानांत. पण नियम सगळे पहिल्या दिवशी समजावलेत. त्या दिवशी नीट केलं तर शेवटची दोन पानं फार सोपी जातात. वाचून बघा."

संध्याकाळी त्यांचा निरोप आला. पाठ शेवटी न ठेवता पहिला ठेवणार होते. त्रेचाळीस माणसंही या वेळेपुरती राहणार होती. पुढच्या अभ्यासक्रमाचं वरचे लोक ठरवतील, असंही त्यात होतं. चुरींनी एवढंच ऐकलं की माणसं राहिली. सुलभाने त्या आनंदात शिरा केला आणि देसाई मॅनेजरची साखर कशी आहे, हे विचारलं.

नंतरच्या आठवड्यात आम्ही तो पाठ ध्वनिमुद्रित करायला बसलो. गोधडी टांगली, पंखा बंद केला. पाठात नवीन कामगार टेबलाशी येतो, अंगात नवा शर्ट, आणि पगार-कारकून त्याला खुर्ची देऊन विचारतो. पुढे कंसात लिहिलं होतं, 'इथे पाच सेकंद थांबावे, शिकणाऱ्याने मनात उत्तर द्यावे.'

"या, बसा," मी वाचलं. "घाई नाही. घरी कोण कोण असतं तुमच्या?"

आणि थांबलो. अशा वेळी चुरी हात वर धरून एकेक बोट मिटत सेकंद मोजतात. पहिलं बोट मिटलं. दुसरं मिटलं. तिसरं तसंच राहिलं.

"आई होती," चुरी म्हणाले. "ती गेली. आता कोणी नाही."

हे पाठात नव्हतं. त्यांचं त्यांनाच कळलं आणि ते दचकले. "माफ करा सर. परत घेऊ. मधे मी बोललो."

दुसऱ्या वेळी त्यांनी उजवा हात मोजायला वर धरला आणि डाव्या हाताने तोंड घट्ट दाबून धरलं. पहिलीतल्या पोरांना गप्प बसायला सांगितलं की ती बसतात ना, तसे. मी 'घरी कोण' एवढं म्हणालो आणि माझा आवाज फुटेना. तालुक्याच्या मैदानावर कधी न दगा दिलेला आवाज, गोधडी टांगलेल्या खोलीत दगा देऊन बसला.

"पाणी देऊ का?" चुरींनी विचारलं.

"चुरी, पुण्याच्या कंपनीत तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा तुम्हीही तो फॉर्म भरला असेल."

"भरला की."

"आणि तो रकाना?"

त्यांनी चष्मा काढला. "तो रिकामा आहे, सर. मी पाठात लिहितो त्यांच्या घरी कुणीतरी असतं."

किती वाजले सांगावं, तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा आला. दहा वर्षं आमच्या घरातलं भांडण न् भांडण या माणसाने भिंतीतून ऐकलं होतं, आणि त्याच्या घरातून काहीच ऐकू येत नाही, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"नातेवाईकच लागतो का त्यात?" मी विचारलं.

"कुटुंब नसेल तर कोणाचंही नाव चालतं," ते हळूच म्हणाले. "तसा नियम आहे."

मी उठलो आणि भिंतीवर थाप मारली. "सुलभा! आपली दोघांची आधार कार्डं घेऊन ये!"

"आत्ता? कशाला?" पलीकडून आवाज आला.

"चुरींच्या घरी कोण कोण आहे, ते लिहून द्यायचंय."

भिंतीपलीकडे आमच्या लोखंडी कपाटाचं दार करकरलं.